चावीच्या दातांचा हिशेब

२० सप्टेंबर २०२४ रोजी पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्ध्यात झाला. या योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार यांच्या जोडीला कुलूप-किल्लीचे काम करणाऱ्यांनाही जागा आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचे विनातारण कर्ज, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचे. पूर्ण लाख उचलला तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,८०० रुपये पडतो. महिन्यातून २६ दिवस दुकान उघडे धरले तर रोजचे सव्वादोनशे रुपये आधी हप्त्याला जाणार आणि मग घरात काय ते येणार. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारात चावीचे दुकान टाकू पाहणाऱ्यासाठी म्हणूनच यंत्राची निवड हा पहिला आणि सगळ्यांत महागडा निर्णय ठरतो.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ‘कॉम्प्युटराइज्ड’ आणि ‘लेझर’ हे शब्द ठळक असतात. त्यातला दुसरा तर सरळ दिशाभूल करणारा आहे. गाड्यांची जी चावी ‘लेझर कट’ म्हणून ओळखली जाते, ती कापताना लेझरचा संबंध बहुधा येतच नाही. चावीच्या सपाट अंगावर नागमोडी खाच पाडणारा असतो तो गरगर फिरणारा बारीक मिलिंग कटर.

साध्या यंत्राची रचना पाहिली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. एका सरकत्या गाड्यावर (कॅरेजवर) दोन शिकंजे, एकात ग्राहकाची चावी, दुसऱ्यात कोरी. ग्राहकाची चावी एका न फिरणाऱ्या पात्याला टेकते, त्याला गाइड म्हणतात. कोरी चावी फिरत्या कटरला भिडते. गाडा एकच असल्यामुळे गाइडवर मूळ चावी जेवढी आत शिरेल, तेवढीच कोरी चावी कटरमध्ये शिरते. यंत्राला चावीतले काही कळत नाही, कळायची गरजही नसते. आकार चाचपायचा आणि तोच पुढे कोरायचा, एवढेच त्याचे काम.

ही कल्पना ज्यांच्या हातून आकाराला आली, त्यांची नावे चावीच्या दुकानात कोणी घेत नाही. वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॉट आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत घराच्या माळ्यावर पुतळ्यांची नक्कल करणारे यंत्र घडवत बसले होते. एक सुई मूळ पुतळ्यावरून फिरायची आणि तिला जोडलेला कटर दुसऱ्या तुकड्यातून तोच चेहरा काढायचा. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. २५ ऑगस्ट १८१९ रोजी वॉट वारले आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस ब्लँचर्ड यांना त्याच तत्त्वावरच्या लेथचे पेटंट मिळाले. तोवर लेथवर बहुधा गोल वस्तूच निघत. ब्लँचर्ड यांनी त्यावर बंदुकीचा वेडावाकडा लाकडी दस्ता उतरवून दाखवला: एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरतो, त्याच्यावर एक चाक टेकलेले, आणि त्या चाकाच्या हालचालीबरहुकूम कटर शेजारच्या ओंडक्यातून हुबेहूब दस्ता काढतो. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात ही लेथ चालली. पुढे बुटांचे साचे, कुऱ्हाडीचे दांडे, चाकांचे आरे सगळे याच रीतीने होऊ लागले. पेटंटची मुदत वाढवून घेण्यासाठी त्यांनी याच तंत्राने अमेरिकी संसदेतल्या पुढाऱ्यांचे अर्धपुतळे काढून तिथेच मांडल्याचा किस्सा सांगितला जातो. १८४८ मध्ये मुदत वाढलीही. कुलपाच्या इतिहासात येल, चब, ब्रामा यांची नावे हमखास येतात. ब्लँचर्डचे येत नाही, आणि चावीची नक्कल करणारे प्रत्येक साधे यंत्र मात्र त्यांच्याच तत्त्वावर चालते.

या तत्त्वाचे बळ आणि दुबळेपण एकच: नक्कल इमानदार असते, म्हणून चूकही इमाने इतबारे उतरते.

लायनस येल यांच्या सपाट चावीच्या कुलपात दातांची खोली ठरावीक पायऱ्यांनी बदलते. अमेरिकेतल्या श्लेज कुलपांत एक पायरी ०.३८ मिलिमीटरची, क्विकसेटमध्ये ०.५८ मिलिमीटरची. आता यंत्राचा गाइड कटरच्या तुलनेत फक्त ०.१ मिलिमीटर सरकलेला आहे असे धरू; साध्या छपाईच्या कागदाची जाडी एवढीच असते. पहिली नक्कल थोडी अडखळत का होईना, चालून जाते. वर्षभराने ग्राहक तीच नक्कल घेऊन येतो, कारण मूळ चावी कधीच हरवलेली असते. चूक दर वेळी एकाच दिशेने होत असल्याने ती साचत जाते. चौथ्या पिढीला ती ०.४ मिलिमीटर होते, म्हणजे श्लेजची एक अख्खी पायरी चुकली. ‘दुकानातली चावी लागत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथेच सापडते.

त्यामुळे दुकानदाराने आधी तपासायचे ते शिकंजे. जबडे झिजलेले असतील किंवा चावी कलती बसत असेल, तर महागडी मोटर काही कामाची नाही. दुसरी गोष्ट गाइडच्या मागचा समायोजनाचा स्क्रू. दोन्ही शिकंज्यांत एकाच नंबरच्या कोऱ्या चाव्या बसवायच्या, वीज बंद ठेवायची, एक गाइडला टेकवायची आणि कटर हाताने हळूहळू फिरवायचा. कटरचा प्रत्येक दात दुसरीला जेमतेम चाटून गेला, तर यंत्र जुळलेले. कटर दाबून कापत असेल किंवा नुसताच मोकळा फिरत असेल, तर स्क्रू फिरवून पुन्हा पाहायचे. कटर बदलला की ही तपासणी चुकवून चालत नाही. नवशिक्याला हायस्पीड स्टीलचा कटर बरा. कार्बाइड कठीण असते पण ठिसूळही, आणि चुकून शिकंज्याला लागले तर दात उडतो.

यंत्र कोणत्या जातीचे घ्यायचे, हे गावातली कुलपे सांगतात. वर्धा जिल्ह्यात दुचाकीच्या, घराच्या आणि होस्टेलच्या खोल्यांच्या चाव्या हे रोजचे काम. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आणि हिंदी विश्वविद्यालय यांमुळे होस्टेलच्या चाव्यांना तोटा नाही. यातल्या दातेरी चाव्यांना साधे सपाट चावीचे यंत्र पुरते. हिंगणघाटकडच्या जिनिंगच्या गोदामांना लागतात तशी भारी लिव्हरची कुलपे मात्र वेगळी. तिथे लिव्हरची प्रत्येक पट्टी नेमकी ठरलेली तेवढीच उचलली जावी लागते, जास्त उचलली तरी कुलूप अडते. आणि चावीच्या खाचा काटकोनी असतात. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या कटरने त्या निघत नाहीत, त्यासाठी पातळ, सरळ कडेचा कटर आणि वेगळा जबडा हवा. अंगावर खळगे किंवा नागमोडी खाच असलेल्या चाव्यांसाठी उभे मिलिंग यंत्र लागते. चिपवाल्या गाडीची चावी तर कापून अर्धीच होते. तिच्यातल्या चिपला बॅटरी नसते, स्टार्टरच्या कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून ती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक कळवते. तो क्रमांक गाडीला ओळखीचा करून देणारे उपकरण हा आणखी निराळा खर्च. हे काम आधी नागपूरहून करून आणावे आणि महिन्याला किती येते ते वहीत मांडून मगच गुंतवणूक करावी.

संगणकीय यंत्राचा एक फायदा मात्र खरा आहे. ते चावीची नक्कल करत नाही, दातांच्या खोलीचे आकडे वाचून नव्याने कापते, त्यामुळे पिढ्यांची साचलेली चूक एका फटक्यात धुऊन निघते. चावी म्हणजे शेवटी पाच-सहा आकडेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये सुमारे १९५ फुटांवरच्या गच्चीतून टेबलावरच्या चाव्यांचे फोटो काढून हे आकडे मिळवून दाखवले होते. पण यंत्राच्या स्मृतीत आपल्याकडच्या कुलपांचे तक्ते नसतील, तर हा गुण कपाटातच राहतो. आधी ग्राहकांच्या दहा-वीस चाव्यांचे नमुने विक्रेत्यापुढे ठेवावेत आणि तक्ता दाखवायला सांगावे.

यंत्र कोणत्या कसोटीवर निवडावे, याचा फार मोलाचा नमुना चरख्याच्या इतिहासात आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटींमध्ये उत्पादन होतेच. शिवाय किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य वीसेक वर्षे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत, असे स्पष्ट लिहिलेले होते. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र आले, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पांनी ग्रामीण यंत्रांचा हाच विचार पुढे नेला. कडक अटी घालून बक्षीस राखून ठेवणारी ती माणसे आज फार जवळची वाटतात, कारण चावीच्या यंत्राच्या माहितीपत्रकात दुरुस्तीच्या खर्चाचा रकाना शोधून सापडत नाही. कटर, पट्टा आणि कार्बन ब्रश वर्ध्यात किंवा निदान नागपुरात मिळतात का? बोर्ड जळला तर मेकॅनिक कुठून येणार आणि तोवर हप्ता कशातून भरायचा? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि दुपारी वीज गेलेली, अशा दिवशी साधी मोटर इन्व्हर्टरवर निभावून नेते.

यंत्रासोबत चांगल्या कानशी घेणे अटळ आहे, कारण चावीच हरवली असेल तर नक्कल कशाची करणार? महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत शिकलगार शीख कारागीर रस्त्याकडेला हे काम करताना दिसतात. कोरी चावी ज्योतीवर धरून काळी करायची, कुलपात घालून ताण देत हलवायची. बाहेर काढली की काजळीत जिथे कुलपातली खिट्टी रुतली तिथे सुईच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका दिसतो. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. ठिपका उमटायचा थांबला की तो दात पुरा झाला. ही नजर कोणत्याही व्हाउचरवर मिळत नाही, ती शिकावी लागते.

चावीचे पितळ सहज कापले जावे म्हणून त्यात अनेकदा शिसे मिसळलेले असते. डोळ्यांवर चष्मा नसणे वाईटच, पण चुरा झटकून त्याच हाताने जेवणाचा डबा उघडणे त्याहून वाईट.

पैसे देण्याआधी विक्रेत्याच्याच यंत्रावर एक परीक्षा घ्यावी. सोबत घरचे कुलूप आणि पाच कोऱ्या चाव्या न्याव्यात. मूळ चावीवरून पहिली कापायची, पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे पाचपर्यंत. पाचवी चावी कुलपात न अडखळता फिरली, तर शिकंजे, गाइड आणि कटर तिन्ही ठीक आहेत. तिसरीलाच अडकली, तर स्क्रू जुळवून पुन्हा एकदा कापायला सांगावे. तरीही तेच झाले, तर दुसरे यंत्र पाहावे.