परीक्षा घरी येते तेव्हा

‘खोलीत परीक्षार्थीशिवाय कोणीही नसावे. दार बंद असावे.’

वस्तीतल्या एका मुलीने हा नियम मला वाचून दाखवला आणि आम्ही दोघी हसलो. तिच्या घरात दोन खोल्या, माणसे सहा. मधल्या चौकटीला पडदा आहे, दार नाही.

मुलगी एम.बी.बी.एस. झालेली आहे. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात काम करते आणि मला मावशी म्हणते. मी डॉक्टर नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे लेबर रूममध्ये काढली, आता वस्तीतल्या बायकांच्या आरोग्याचे काम करते. तिला प्रसूतिशास्त्रातली परदेशी पदव्युत्तर परीक्षा द्यायची होती, तीही घरी बसून. अभ्यास तिने केला. अर्जाची आणि खोलीची लढाई आम्ही सगळ्यांनी मिळून लढलो. पुढच्या मुलींना उपयोग व्हावा म्हणून ती इथे मांडते.

आधी परीक्षेविषयी. लंडनच्या रॉयल कॉलेजची एम.आर.सी.ओ.जी. आपल्याकडच्या डॉक्टरांना ठाऊक असते. तिचे तीन भाग : दोन लेखी, तिसरा प्रात्यक्षिक. आयर्लंडमध्ये डब्लिनचे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स आहे, १६५४ साली स्थापन झालेले. तेही प्रसूती व स्त्रीरोग विषयात एम.आर.सी.पी.आय. ही सदस्यत्वाची परीक्षा घेते. करोनाच्या काळात अशा अनेक परीक्षा संगणकावर आल्या आणि काहींचे लेखी भाग घरून देता येऊ लागले. प्रात्यक्षिकाला मात्र बहुधा प्रत्यक्ष जावे लागते, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवासाचा खर्च आला. कोणता भाग घरून आणि कोणता केंद्रावर, हे त्या वर्षीच्या नियमावलीत पाहूनच पैसे भरावेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही परीक्षा आपल्याकडच्या एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी.ची जागा आपोआप घेत नाही. लेखी भाग पास झाला म्हणजे तज्ज्ञ म्हणून पाटी लावता येते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. भारतात कोणती परदेशी पात्रता कोणत्या अटींवर मान्य होते, हे वैद्यकीय परिषदेकडे लेखी विचारा. आमची मुलगी नीट-पीजीचीही तयारी करतेच आहे.

मग ही परीक्षा द्यायची कशाला? मी तिला हेच विचारले. ती म्हणाली, ‘मावशी, कोणतं औषध का द्यायचं, कधी थांबायचं, हे शिस्तीत शिकायला मिळतं.’ मला ते पटले. कळा लांबल्या की काय करायचे, याचे धडे आम्हा परिचारिकांपर्यंतही डब्लिनहून आले आहेत. तिथले रोटुंडा हे प्रसूतिगृह १७४५ पासून चालू आहे. तिथल्याच नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये डॉ. कीरन ओ'ड्रिस्कॉल यांनी १९६०च्या दशकात पहिलटकरणीच्या लांबणाऱ्या कळांवर नेमकी पद्धत बसवली. त्या पद्धतीवर पुढे वादही झाले, पण तिच्यातली एक गोष्ट मी विसरले नाही : कळा देणाऱ्या बाईजवळ तिची स्वतःची एक परिचारिका सतत हवी. एका वेळी अनेक बायका सांभाळलेल्या सिस्टरला या वाक्याचे मोल कळते.

आता अर्ज. पहिली अडचण आली ती नावाची. तिच्या आजोबांनी आडनाव बदलले होते. काही कागदांवर जुने, काहींवर नवे. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, आणि पदवीवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र आणि अर्ज यांवरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनाही हाच त्रास होतो. म्हणून अर्जाच्या बरेच महिने आधी सगळे कागद एका ठिकाणी मांडा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि पासपोर्टची दुरुस्ती या क्रमाने कामाला लागा. पदवी आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीच्या स्पष्ट प्रती तयार ठेवा. शुल्क परकीय चलनात जाते. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो, तो आधी चालू करून घ्या. शेवटच्या रात्री पैसे अडकले की मुदत थांबत नाही.

मग खोली. अशा परीक्षेत पर्यवेक्षक दूर कुठेतरी बसलेला असतो आणि कॅमेऱ्यातून पाहतो. सुरुवातीला ओळखपत्र दाखवायचे, कॅमेरा फिरवून चारही भिंती आणि टेबल दाखवायचे. टेबलावर पुस्तक, फोन, घड्याळ काही नाही. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर मोडावी लागते, कारण हलणारे ओठही संशयास्पद ठरू शकतात. मध्येच कोणी खोलीत आले तर परीक्षा थांबू शकते.

आम्ही रंगीत तालीम करायचे ठरवले. मी माझ्या घरून व्हिडिओ कॉलवर पर्यवेक्षक झाले. विसाव्या मिनिटाला पडदा बाजूला झाला आणि तिची आजी चहा घेऊन आली. ‘पोरगी सकाळपासून उपाशी आहे,’ म्हणाली. आजीला काय बोलणार? पण खरी परीक्षा असती तर सहा महिन्यांची बचत त्या चहाच्या कपात बुडाली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही समाजमंदिराच्या समितीकडे गेलो. अभ्यासिकेमागे सतरंज्या आणि खुर्च्या ठेवायची एक लहान खोली आहे. तिला दार आहे, आतून कडीही आहे. समितीने ती एका दिवसासाठी दिली. भिंतीवरचे तक्ते उतरवले. इंटरनेटची वायर थेट लॅपटॉपला जोडली, कारण वाय-फाय दोनदा तुटले होते. शेजारच्या दुकानदाराने इन्व्हर्टर दिला. रुग्णालयाचा लॅपटॉप वापरला नाही. कार्यालयांच्या संगणकांवर परीक्षेची प्रणाली पुष्कळदा अडते. स्वतःच्या लॅपटॉपवर आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी, त्याच खोलीतून चाचणी घेतली. वेळही दोनदा तपासली : डब्लिन आणि लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसले. पोरांना मैदानाच्या पलीकडे खेळायला पाठवले होते. एक वरात आली, तेव्हा वस्तीतल्या दोघा मुलांनी पुढे होऊन बँडवाल्यांना हात जोडले. वाजंत्री कोपऱ्यापर्यंत बंद राहिली. आजी माझ्याजवळ बसली होती, चहाचा थर्मास मांडीवर घेऊन. तीन वेळा म्हणाली, ‘आता जाऊ का?’ तीन वेळा मी तिचा हात धरला.

मुलीचा पहिला भाग निघाला. पुढचे भाग बाकी आहेत.

घरात अशी मुलगी असेल तर तिला एक खोली आणि काही तास द्या. गावोगावच्या समित्यांना विनंती आहे : अभ्यासिकेत एक दार बंद होणारी खोली, एक वायर आणि एक इन्व्हर्टर ठेवा. आमच्या खोलीची पुढची तारीख एका जी.एन.एम.च्या मुलीने आधीच मागून ठेवली आहे.