हातचलाखीचे खेळ

हातचलाखीचे खेळ : नाणे, दोरी, रुमाल, पत्ते, वाटी, तांब्या यांसारख्या नित्याच्या वापरातील वस्तू घेऊन, हातांच्या सराईत हालचाली व त्यांच्या जोडीला केलेले निवेदन यांच्या साहाय्याने अशक्य गोष्ट घडल्याचा आभास निर्माण करण्याची मनोरंजन-कला. जादूच्या खेळांचा हा सर्वांत जुना व साधा प्रकार होय. रंगमंचावरील मोठ्या प्रयोगांस लागणारी यंत्रे, प्रकाशयोजना व साहाय्यक यांची त्यात गरज नसते. प्रेक्षक मात्र हातभर अंतरावर असतात आणि वस्तू त्यांच्या परिचयाच्या असतात. त्यामुळे या प्रकारात साधनापेक्षा प्रेक्षकांचे अवधान आणि त्यांना सांगितली जाणारी कथा यांना अधिक महत्त्व येते. कथा ही येथे केवळ शोभेसाठी नसून प्रयोगाचे ते एक कार्यकारी अंगच असते. एकच क्रिया कथा बदलली की करमणूक, शिक्षण किंवा फसवणूकही ठरू शकते.

प्राचीन उल्लेख : जादूगाराच्या खेळाचे एक अतिप्राचीन वर्णन ईजिप्तमधील ‘वेस्टकार पपायरस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व सध्या बर्लिन येथे असलेल्या हस्तलिखितात आढळते. खूफू राजासमोर डेडी नावाच्या वृद्ध जादूगाराने हंसजातीय पक्ष्याचे तोडलेले शिर पुन्हा जोडून दाखविले, अशी कथा त्यात आहे. राजाने हाच प्रयोग एका बंदिवानावर करण्यास सांगितले असता डेडीने तो माणसावर करण्यास नकार दिला, असेही त्यात म्हटले आहे. हे वर्णन प्रत्यक्ष घटनेचे नसून कथेच्या रूपातले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनिका (मृत्यू इ. स. ६५) याने आपल्या एका पत्रात वाट्या व खड्यांच्या खेळाचा दृष्टांत दिला आहे. त्यातील फसगतच आनंददायक असते आणि युक्ती कळताच गोडी नाहीशी होते, असे त्याचे निरीक्षण आहे.

भारतात या कलेस इंद्रजाल अशी संज्ञा होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ऐंद्रजाल व हस्तलाघव या दोन कला स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. म्हणजे भ्रम निर्माण करणे आणि हाताची चपळाई यांतील भेद जुन्या ग्रंथकारांना ठाऊक होता. हर्षाच्या रत्नावली या नाटिकेत एक ऐंद्रजालिक राजाला आकाशात देवता दाखवितो व राजवाड्यास आग लागल्याचा भास घडवितो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी हे भिन्न असल्याचा दृष्टांत योजिला आहे. प्रेक्षकाला दिसतो तो पहिला. खेळ करतो तो दुसरा. हातचलाखीच्या प्रत्येक खेळाला हे वर्णन लागू पडते.

तंत्र : या खेळांची मूलतत्त्वे थोडी आहेत. वस्तू तळव्यात दडविणे, एका हातातून दुसऱ्या हातात दिल्याचा अभिनय करणे, एका वस्तूच्या जागी गुपचूप दुसरी ठेवणे, प्रेक्षकाने स्वतः निवडली असे वाटणारी वस्तू प्रत्यक्षात आधीच ठरविलेली असणे, तसेच गणिताचा किंवा पदार्थाच्या गुणधर्माचा उपयोग करून घेणे ही त्यांतील प्रमुख होत.

नाणे अदृश्य करण्याचा खेळ सर्वांत सोपा समजला जातो. उजव्या हातातील नाणे डाव्या हातात दिल्याचे दाखवून डावी मूठ मिटतात. नाणे मात्र उजव्या हाताच्या बोटांमागेच राहते. खेळाचे यश बोटांपेक्षा नजरेवर अवलंबून असते. खेळ करणारा स्वतः डाव्या मुठीकडे पाहतो, म्हणून प्रेक्षकही तिकडेच पाहतात. उजवा हात लगेच खिशाकडे नेल्यास संशय येतो. तो सैल सोडल्यास त्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

दोरी कापून पुन्हा अखंड करण्याच्या खेळात दोरीचा मध्यभाग म्हणून मुठीतून जो फास वर काढला जातो, तो वस्तुतः टोकाजवळचा असतो. कात्रीने कापला जातो तो टोकाकडील लहानसा तुकडा. मारलेली गाठही त्या तुकड्याचीच असल्याने ती दोरीवरून सरकवून काढली, की दोरी सबंध राहते. एकवीस पत्त्यांच्या खेळात हातचलाखी मुळीच नसते. प्रेक्षकाने मनात धरलेला पत्ता कोणत्या ढिगात आहे ते विचारून, सात-सात पत्त्यांच्या तीन ढिगांपैकी तो ढीग दरवेळी मध्ये ठेवतात. पत्ता असण्याच्या शक्य जागा पहिल्या वाटणीनंतर सात, दुसरीनंतर फार तर तीन व तिसरीनंतर एक उरतात आणि तो पत्ता वरून अकरावा येतो. तांब्यातून वारंवार पाणी काढण्याच्या खेळात तांब्याला आतून दुहेरी भिंत असते व वरच्या बाजूस बारीक छिद्र असते. छिद्र बोटाने बंद ठेवल्यास बाहेरील हवेच्या दाबामुळे भिंतींमधील पाणी बाहेर येत नाही. बोट उचलताच ते वाहू लागते. पी. सी. सरकार (१९१३–७१) यांच्या कार्यक्रमात ‘वॉटर ऑफ इंडिया’ या नावाने होणारा जलपात्राचा प्रयोग मधूनमधून पुन्हा केला जाई व प्रत्येक वेळी रिकाम्या वाटलेल्या पात्रातून पाणी निघे.

कथेचे कार्य : कथा या खेळांत तीन प्रकारची कामे करते. पहिले म्हणजे ती अस्वाभाविक क्रियेला कारण पुरविते. पत्त्यांतील ‘चार चोर’ हा खेळ याचे उत्तम उदाहरण होय. चार गुलाम पंख्यासारखे पसरून दाखविताना सर्वांत मागच्या गुलामाआड तीन इतर पत्ते दडविलेले असतात. हे सर्व पत्ते एकत्र करून जोडावर पालथे ठेवले, की वरचे तीन पत्ते इतर व त्यांखालचे चार गुलाम असा क्रम लागतो. मग चार चोर रात्री एका वाड्यात शिरले अशी कथा सुरू होते. एक तळघरात, दुसरा माजघरात, तिसरा माडीवर असे म्हणत वरचे तीन पत्ते न दाखविता जोडात निरनिराळ्या ठिकाणी घातले जातात. चौथा पहाऱ्यासाठी गच्चीवर राहतो. तो खरा गुलाम असल्याने निर्धास्तपणे दाखविता येतो. पोलीस येताच शिट्टी वाजते आणि चारही चोर गच्चीवर सापडतात. कथा नसती, तर पत्ते पालथेच का हलविले असा प्रश्न प्रेक्षकास पडला असता. चोर अंधारात गुपचूप शिरतात, हे कथेने आधीच मान्य करून घेतलेले असते.

कथेचे दुसरे काम अवधानाची लय राखणे हे होय. श्रोता प्रश्नाचे उत्तर देत असताना, हसताना किंवा कथेतील एखादा प्रसंग संपल्यावर क्षणभर सैलावतो. गुप्त हालचाल त्या क्षणी केली जाते. उत्तर भारतातील मदारी व त्याचा जमूरा यांच्या सवाल-जबाबांत हे कौशल्य परिपक्व रूपात दिसते. जमूऱ्याची विनोदी उत्तरे गर्दी जमवितात, तिला खिळवून ठेवतात आणि खेळ करणाऱ्यास हवा असलेला अवसरही देतात. भारतीय रस्त्यावरील वाट्या व गोळ्यांच्या खेळातील वाट्यांना वर मूठ असते व ती बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलतात. तेथेही हातांबरोबर तोंड अखंड चालू असते.

तिसरे काम स्मृतीशी संबंधित आहे. खेळाच्या शेवटी घडलेल्या गोष्टींची उजळणी करताना निवेदक काही तपशील गाळतो व काही ठळक करतो. पुढे प्रेक्षक तीच हकिकत इतरांना सांगतो. प्रसिद्ध ‘दोरीच्या खेळा’ची कीर्ती अशीच वाढली. दोरी हवेत ताठ उभी राहते, मुलगा तिच्यावर चढून अदृश्य होतो, अशी बातमी १८९० मध्ये शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राने छापली. ती बनावट असल्याची कबुली त्याच पत्राने काही महिन्यांत दिली. परंतु तोवर ती जगभर पसरली होती. रिचर्ड वाइझमन व पीटर लॅमाँट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हा खेळ पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या हकिकती प्रसंगानंतर जितका काळ लोटला तितक्या अधिक अद्‌भुत होत गेल्याचे दिसून आले.

मानसशास्त्रीय अभ्यास : डोळ्यांपेक्षा हात चपळ असतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण अपुरे आहे. डॅन्येल सायमन्स व क्रिस्टोफर चॅब्रिस यांच्या १९९९ मधील प्रयोगात चेंडूफेक मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सु. निम्म्यांना समोरून गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसला नाही. गुस्ताव्ह कून व मायकेल लँड यांनी २००६ मध्ये चेंडू हवेत नाहीसा होण्याच्या खेळाचा अभ्यास केला. जादूगाराने चेंडू न फेकता नुसते वर पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रेक्षकांनी चेंडू वर जाताना पाहिल्याचे सांगितले. जादूगाराची नजर हातावरच राहिली, तेव्हा असे सांगणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी झाले. माणूस केवळ डोळ्यांनी नव्हे, तर अपेक्षेनेही पाहतो, असे यावरून म्हणता येते. कथा ही अपेक्षा निर्माण करते.

खेळ आणि चमत्कार : हीच शक्ती प्रेक्षकाच्या अज्ञानावर किंवा दुःखावर वापरली, की खेळाचे रूपांतर फसवणुकीत होते. फ्रेंच जादूगार रॉबेअर-ऊदँ (१८०५–७१) यांच्या ‘हलकी-जड पेटी’च्या प्रयोगातून कथेचे हे सामर्थ्य स्पष्ट होते. पेटीच्या तळाशी लोखंड व रंगमंचाखाली विद्युत्‌चुंबक असल्याने ती हवी तेव्हा उचलता येईनाशी होई. पॅरिसमध्ये हा चोरांपासून सुरक्षित अशा पेटीचा गमतीदार खेळ होता. फ्रेंच शासनाच्या वतीने १८५६ मध्ये अल्जीरियात प्रयोग करताना मात्र पेटी जड होत नसून, उचलणाऱ्या बलदंड माणसाची शक्तीच आपण काढून घेतली आहे, असे त्यांनी सांगितले. यंत्र तेच होते. कथा बदलताच पाहणाऱ्यांना भीती वाटली.

याउलट, युक्ती उघड करून भीती घालविण्याची परंपराही जुनी आहे. रेजिनल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाने १५८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेटकिणी ठरवून छळल्या जाणाऱ्या लोकांची बाजू घेतली आणि नाणी, पत्ते, गोळ्या व दोऱ्या यांच्या खेळांतील युक्त्या त्यासाठी उलगडून दाखविल्या. भारतीय उपखंडात अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) व बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी तथाकथित चमत्कारांची प्रात्यक्षिके करून त्यांमागील कारणे सांगितली. महाराष्ट्रात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ही पद्धत शाळा-महाविद्यालयांत व गावोगावी नेली. हळद लावलेल्या तळहातावर चुन्याची निवळी पडली की तो लाल होतो. ‘दैवी कोप’ म्हणून हे दाखविल्यास घरातील माणसे हादरतात. हळदीवर अल्कधर्मी पदार्थाची क्रिया म्हणून दाखविल्यास तो विज्ञानाचा पाठ होतो. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अंमलात आला. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळविणे आणि त्यांचा प्रसार करून लोकांना फसविणे वा त्यांच्यावर दहशत बसविणे ही त्यातील अपराधांपैकी एक बाब आहे.

कलावंत : महाराष्ट्रात हे खेळ प्रथम बाजारात, जत्रेत व वाड्याच्या चौकात गारुड्यांनी दाखविले. पुढे जादूगार रघुवीर (रघुवीर भोपळे) यांच्यासारख्या कलावंतांनी जादूस नाट्यगृहात प्रतिष्ठा मिळवून दिली. रस्त्यावरील कलावंतांची स्थिती मात्र बिकट झाली. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी कला दाखवून भिक्षा घेण्याचाही समावेश झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे सापाचा खेळ बंद करणे भाग पडले. वाट्या, गोळ्या व दोरी यांचे पिढीजात कौशल्य आणि त्यासोबतची बोली टिकविण्याचा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला.

अभ्यास : नवशिक्याने दोन-तीन खेळ निवडून आरशासमोर त्यांचा सराव करावा, असा संकेत आहे. काय घडणार हे आधी सांगू नये आणि तोच खेळ त्याच प्रेक्षकांपुढे लगेच पुन्हा करू नये. कारण दुसऱ्या वेळी अवधान योग्य जागी जाते. प्रेक्षकाकडून घेतलेली वस्तू निर्दोष परत करावी व कोणाची फजिती होईल अशी कथा योजू नये. कथेचा धागा श्रोत्यांच्या जीवनातून घेतल्यास ती अधिक परिणामकारक होते. उदा., मुलांसमोर कमी-अधिक लांबीच्या तीन दोऱ्या समान करण्याचा खेळ तीन भावंडांच्या वाटणीची गोष्ट म्हणून सांगता येतो. शिक्षकाने खेळानंतर मुलांकडूनच युक्तीचा शोध लावून घेणे इष्ट ठरते. सेनिकाने म्हटल्याप्रमाणे खेळाची गोडी त्यामुळे काहीशी उणावते. परंतु डोळ्यांना दिसते आणि कानांना सांगितले जाते ते तपासून पाहण्याची सवय मुलांना लागते.