विसाव्याची वाट (भाग ४) : दिवस सुरू होतो संध्याकाळी

मागच्या आठवड्यात आपण मान्नाची गोष्ट पाहिली. ती वाचून एका ताईंनी विचारलं, "आमची कामं संपतच नाहीत, मग विसावा घ्यायचा कधी?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण काम संपल्यावर विसावा, हा क्रम आपण धरला आहे. बायबलचा क्रम वेगळा आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात प्रत्येक दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. यहुदी लोक आजही तसंच मोजतात. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसू लागल्या की सुटतो. म्हणजे दिवसाची सुरुवात होते ती दिवेलागणी, जेवण आणि झोप यांनी. आपण डोळे मिटून पडलेलो असताना देवाचं काम चालूच असतं, सकाळी उठून आपण त्याला हात लावायचा. त्याच कथेत माणूस घडतो सहाव्या दिवशी, आणि लगेच येतो तो सातवा, विश्रांतीचा दिवस. माणसाने तोवर काडीचंही काम केलेलं नव्हतं!

हे कोकणाला नवं नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल यहुदी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही मोकळीक असणार, कारण शब्बाथाच्या आज्ञेत दास-दासी, परके आणि जनावरं या सगळ्यांना विश्रांती सांगितली आहे. अनुवादाच्या पुस्तकात तिचं कारणही दिलं आहे: तुम्ही मिसरात गुलाम होतात, हे विसरू नका. गुलामाला सुटी मागता येत नाही. मला ही आज्ञा म्हणूनच मोठी प्रेमळ वाटते.

ख्रिस्ती लोकांनी प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, रविवार, पाळायला घेतला. तो आठवड्याचा पहिला दिवस आहे. आधी उपासना, मग सहा दिवस काम.

आता एलीयाकडे पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. तिथेच त्याला झोप लागली. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. हलवून उठवलं ते जेवायला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचं भांडं होतं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खाऊ घातलं. त्या जेवणाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबला पोचला. देवाने त्याला प्रश्न विचारला तो तिथे, इतक्या उशिरा.

आमच्या वसईत शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. तिथून घरी आले की मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवते. पहिल्या तासाभरात हात तीनचार वेळा तरी कपाटाकडे जातो. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर तसेच पडलेले असतात, मोरीत दोन पातेली भिजत असतात. मी पेजेचे तांदूळ धुऊन ठेवते, दिवा मालवते आणि आडवी होते. रविवार लागलेला असतो.