दम लागतो तेव्हा… आणि लागत नाही तेव्हाही

आज आपण दम्याविषयी बोलणार आहोत. पेण आणि रोह्याच्या गावांत हा आजार नवा नाही, पण तो लपवला फार जातो. लग्नाची मुलगी पंप ओढणीच्या टोकात दडवते. नवी सून सासरी धाप लागली तरी 'काही नाही, चढ चढून आले' म्हणते. आणि लपवलेला दमाच जास्त त्रास देतो. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ.

आपल्या छातीत श्वास नेणाऱ्या बारीक बारीक नळ्या असतात. दमा असलेल्या माणसाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूर, धूळ, थंडी, सर्दी असे काही लागले की त्या चिडतात, आवळतात आणि आत चिकट कफ धरतो. वाट अरुंद झाली की बासरीसारखा सूं सूं आवाज येतो. छाती आवळल्यासारखी वाटते, पहाटे खोकल्याची उबळ येते. दमा संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवून, एका अंथरुणात निजून तो कुणाला होत नाही. तो कुणाच्या पापाचा किंवा नजरेचाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 साली जगात सव्वीस कोटींहून जास्त लोकांना दमा होता. म्हणजे आपण एकट्या नाही.

मात्र दम लागला की तो दमाच, असेही नाही. अंगात रक्त कमी असेल, हृदयाचा त्रास असेल, वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झाली असतील, तरी दम लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून टीबी नाही ना हे पाहावेच लागते. म्हणून शेजारणीचा पंप मागून ओढू नका. तपासणी करून घ्या. पेणला आणि रोह्यालाही उपजिल्हा रुग्णालय आहे. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा.

आता आपल्या भागात दमा कशाने उठतो ते पाहू. चुलीचा धूर तर घरोघरी. उन्हाळ्यात शेतात राब भाजतात, तेव्हा सगळी वाडी धुराने भरते. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते, गोधड्या वाळत नाहीत. दिवाळीच्या सुमारास भात झोडताना तूस उडते. पेण, हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती घासताना प्लास्टरची भुकटी उडते आणि रंगाचा फवारा छातीत जातो. रोह्याला धाटावची रासायनिक वसाहत आहे. ज्या मैत्रिणी किंवा त्यांचे घरधनी तिथे कामाला जातात, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कामाच्या दिवशी दम वाढतो आणि सुट्टीच्या दिवशी हलके वाटते, असे होत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. कामामुळे होणारा दमा लवकर ओळखला तर बरा आवरता येतो.

सगळ्या गोष्टी टाळता येत नाहीत. पोट हातावर आहे. पण थोडे करता येते. मूर्ती घासताना दार-खिडकी उघडी ठेवा. सुका झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने भुकटी पुसा. रंगाचा फवारा चालू असताना दमेकरीण त्या खोलीत नको. पदर नाकाला लावल्याने रंगाची वाफ अडत नाही, हे लक्षात ठेवा. राब भाजायच्या दिवशी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला थांबा. ऊन पडले की गोधड्या, उशा कडक उन्हात टाका. निजायच्या खोलीत डासांची कॉइल आणि धूप नको. मच्छरदाणी बरी.

आता औषध. पंप दोन प्रकारचे असतात. एक तातडीचा. तो आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करतो, पण सूज काढत नाही. दुसरा रोजचा. तो हळूहळू सूज उतरवतो, आणि बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो. आपल्या बायका इथेच चुकतात: दम थांबला की रोजचा पंप बंद करतात. सूज आत तशीच राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा धाप लागते. तातडीचा पंप आठवड्यात दोनदाहून जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजा आणि डॉक्टरांना भेटा.

'पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी' असे पुष्कळ जणी म्हणतात. हिशेब करू. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची 4 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे तसे चाळीस फवारे, आणि तेही सगळ्या अंगात फिरणार. मग जास्त औषध कशात आहे? पंपातले औषध थेट जिथे हवे तिथे जाते.

पंप घ्यायची रीत अशी: पंप हलवा. श्वास पूर्ण सोडा. तोंडात घट्ट धरा. दाबताच सावकाश, खोल श्वास आत घ्या. दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एका मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळकांडी, असेल तर औषध आणखी नीट पोचते. रोजच्या पंपानंतर चूळ भरा, नाहीतर तोंड येते. कॅप्सूलचे यंत्र असेल तर कॅप्सूल गिळायची नाही.

गरोदर बाईने पंप मनाने बंद करू नये. पंपापेक्षा आईचा अडलेला श्वास बाळाला जास्त घातक. डॉक्टरांना सांगून औषध चालू ठेवा.

आणि धोक्याच्या खुणा पाठ करा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, तातडीच्या पंपाने उतार पडत नाही. अशा वेळी तिला आडवे करू नका, बसते ठेवा. तातडीच्या पंपाचे चार फवारे एकेक करून, शक्य तर स्पेसरने द्या. त्याच वेळी दुसरीने 108 ला फोन लावावा. 'सकाळी बघू' म्हणू नका.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटे काढा. आपल्या गटात पंप कुणाकुणाला आहे, तो घरात कुठे ठेवते, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे एकमेकींना सांगून ठेवा. जिच्याकडे पंप आहे तिने तो सगळ्यांसमोर घेऊन दाखवावा. रीत चुकत असेल तर आशाताई सांगतील, आणि पंप ओढणीत दडवायची गरजही उरणार नाही.