वाटेवर ठेवलेलीं पुस्तकें

जुन्या पोथीच्या शेवटीं लेखनिक बहुधा एक विनवणी लिहून ठेवी : तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला सांभाळा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना हा श्लोक मीं हंसत हंसतच सांगितला. त्यांतील पाण्याचें भय किती खरें, हें २०२१ सालच्या जुलै महिन्यांत कळलें. सावित्री व गांधारी यांचें पाणी महाडांत शिरलें, आणि आमच्या फडताळाच्या खालच्या तीन फळ्यांवरील पुस्तकें चिखलाचे गोळे होऊन निघालीं. उरलेलीं वाळवितांना सौभाग्यवतीनें विचारलें, “हीं तरी कोणासाठीं राखतां आहां? मुलें परगांवीं, त्यांना तर नकोत.” प्रश्न कठोर होता, पण खोटा नव्हता.

वाचून झालेलें पुस्तक अनोळखी माणसासाठीं बाकावर ठेवून द्यावयाचें, असा एक छंद पाश्चात्त्यांत आहे. २००१ सालीं रॉन हॉर्नबेकर या अमेरिकन गृहस्थानें ‘बुकक्रॉसिंग’ सुरू केलें. त्यांत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो; ज्याला सांपडेल त्यानें तो आंतरजालावर नोंदविला म्हणजे देणाऱ्याला पुस्तकाचा प्रवास कळतो. आपल्याकडे याच्या जवळचें उदाहरण म्हणजे भिलार. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडलें कीं हें गांव लागतें. मे २०१७ पासून तेथील अनेक घरांत पुस्तकें मांडलेलीं आहेत. कोणीहि परक्यानें जावें, बसून वाचावें. परंतु भिलारचें पुस्तक भिलारांतच राहतें. मला माझीं सोडावयाचीं होतीं.

महाड गांवांत आगगाडी येत नाहीं. जो तो एस. टी.ची वाट पाहत बसतो. म्हणून मीं स्थानकाचें बाक निवडलें. पहिल्या पानावर लिहिलें, “हें पुस्तक हरवलेलें नाहीं. वाचा आणि पुढें ठेवा.” पण ज्या गांवांतील निम्मीं माणसें आपले विद्यार्थी, तेथें पुस्तक टाकणें सोपें नव्हे! “गुरुजी, पुस्तक विसरलांत!” म्हणून तीन वेळां माणसें धांवत आलीं. चौथें गेलें, तें आठ दिवसांनीं एका गाड्यावर भज्यांखालीं दिसलें. तेलाचें भयहि खरें ठरलें.

मग मी पोलादपुरास जाऊं लागलों. तेथें कवींद्र परमानंदांची समाधि आहे. त्यांचें संस्कृत ‘शिवभारत’ शतकानुशतकें महाराष्ट्राच्या दृष्टीआड होतें. तंजावरास राहिलेल्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकरांनीं तें १९२७ सालीं प्रकाशांत आणलें. तेंहि अपुरेंच, बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभींच तुटतें. कोणी अनोळख्यानें तीं पानें जपलीं, म्हणून आपण तीं वाचतों. माझी सभाषांतर प्रत वरच्या फळीवर असल्यामुळें वांचली होती. ती द्यावी कीं न द्यावी, यांत एक पावसाळा गेला.

अखेर एका सकाळीं ती मेणकापडांत गुंडाळून पोलादपूरच्या बाकावर ठेवली आणि समोर जाऊन बसलों. एका मुलीनें उघडून पाहिली, पुन्हां ठेवली. घटकाभर कोणी फिरकलें नाहीं. मन कच्चें झालें. उठून परत घ्यावी अशा बेतांत होतों, तोंच डोईस मुंडासें बांधलेला एक वृद्ध बाकावर टेकला. पहिलें पान त्यानें बोट ठेवून सावकाश वाचलें, पुस्तक पुन्हां मेणकापडांत नीट बांधलें व पिशवींत घातलें. कोठले आपण, म्हणून विचारावेसें फार वाटलें; विचारलें नाहीं. त्याची गाडी महाबळेश्वराची होती. ती घाटाकडे वळेपर्यंत मी पाहत राहिलों.