सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगापर्यंत

बार्शीची सीताफळं सोलापूरकरांना नवी नाहीत. या फळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रं हा डॉ. कमल रणदिवे यांचा एम.एस्सी.चा विषय होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी ही पदवी घेतली. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्यातला, १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटे, मुलीचा ओढा मात्र वनस्पतिशास्त्राकडे.

लग्नानंतर मुंबईत आल्यावर टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. १९४९ साली पीएच.डी. झाली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये, ज्यांच्या प्रयोगशाळेत पुढे जगभर गेलेल्या ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या त्या जॉर्ज गाय यांच्याकडे, त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकल्या. परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली.

त्यांच्या कामाचा गाभा म्हणजे स्तनाचा कर्करोग. तो काही वेळा आईकडून मुलीकडे जातो, तो नेमका कशातून? अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं, की कर्करोगप्रवण उंदरांची पिल्लं जन्मताच निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर त्यांच्यात गाठींचं प्रमाण खूप घटतं. म्हणजे उंदरांत तरी सगळा दोष रक्ताचा नव्हता. दुधातून विषाणूही जात होता. पण तोच विषाणू एका वाणात गाठी करतो, तर दुसऱ्यात फारसा रुजत नाही. रणदिवेबाईंनी आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तिन्ही धागे उंदरांच्या वाणांवर एकत्र तपासले. एकाच कारणावर बोट ठेवायची घाई त्यांनी केली नाही, हे या कारकिर्दीचं खरं मोल.

१९७३ साली त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. नंतर अकोले तालुक्यात राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेतर्फे आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ साली त्या गेल्या.

विषाणू आणि कर्करोगाच्या नात्याचा प्रश्न तोवर आपल्या भागातही पोचला होता. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. बार्शीच्याच नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागातून शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची एकदा तपासणी केलेल्या गटात त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. विषाणू आणि कर्करोगाचा संबंध उंदरांवर तपासणाऱ्या पिढीची मेहनत कुठे कामाला येते, हे पाहायला सोलापूरकरांना मुंबईला जायची गरज नाही.