आजार एकाचा, हिशेब साऱ्या घराचा



लागण, खते, पाणी आणि तोड यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो शेताबाहेरचा नाही. ऊस नोंदीसाठी आम्ही शेतकी खात्याची माणसे वस्तीवस्तीवर फिरतो. एखाद्या चांगल्या बागायतदाराचा खोडवा एकाएकी तणात बुडालेला दिसतो. चौकशी केली की शेजारी हळूच सांगतात, "घरात कॅन्सर निघालाय." त्या घराचे नुकसान दवाखान्याच्या बिलात दिसते त्याहून पुष्कळ मोठे असते.

न दिसणारा खर्च

शस्त्रक्रिया बहुधा एकदा होते. पण किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला 'लाईट देणे' म्हणतात, तो पुष्कळदा आठवड्यातून ५ दिवस, असा ५ ते ७ आठवडे चालतो. केमोथेरपीच्या फेऱ्या दर दोन-तीन आठवड्यांनी काही महिने असतात. म्हणजे रोगी आणि त्याच्याबरोबरचा एक धडधाकट माणूस परगावी अडकला. खोलीभाडे, जेवण, प्रवास हे सारे रोखीचे.

इकडे खोडव्याचे बुडखे छाटायचे राहतात, खत वेळेवर पडत नाही, पाण्याची पाळी चुकते. समजा, २ एकर खोडव्याला एकरी १० टन घट आली. टनाला ३,००० रुपये धरले तरी ६०,००० रुपये गेले. हा आकडा कोणत्याच पावतीवर नसतो. उसाच्या बिलातून आधी सोसायटीचे पीककर्ज वळते होते. उरलेले औषधाला जाते. मग हातउसने, मग म्हैस, मग डाग, आणि शेवटी जमिनीच्या तुकड्यावर गोष्ट येते. शाळेतली मुलगी घरी बसते ती निराळीच.

लपवालपवी आणि भय

पोरीच्या लग्नात अडचण नको म्हणून दुखणे लपवले जाते. कुठे रोग्याचे ताट-तांब्या वेगळे काढतात. उसाची काणी या बेटावरून त्या बेटावर जाते, हे आपण जाणतो. कॅन्सर तसा नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही.

भयाचाही खर्च असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाने समिती नेमून चौकशी केली. "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल," असे भय घातल्याचे अनेक बायांनी सांगितले. शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात कोयत्याने फेडायची, असे कित्येकींचे झाले. आपला ऊस तोडणारे हेच हात आहेत, हे विसरून चालणार नाही.

वेळेवर तपासणी

काणीचे बेट दिसताच आपण मुळासकट उपटतो, शेतभर पसरण्याची वाट पाहत नाही. इथेही तेच. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात टाटा स्मारक आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जिथे एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते.

तेव्हा तोंडातला फोड तीन आठवड्यांत न भरणे, तोंड कमी उघडणे, स्तनातली न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, यांतले काही असल्यास दुखणे अंगावर काढू नये. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा आजच सोडावा. चुना मळत मळत हा लेख वाचणाऱ्यांना हे विशेष सांगणे आहे!

मदत कुठे मिळते

१) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालय योजनेतले हवे. रेशनकार्ड घेऊन उपचार सुरू होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला भेटावे. आधी पैसे भरून मग धावपळ करण्यात अर्थ नाही.

२) धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्यावा.

३) उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला व सोबत्याला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे. एसटीतही रुग्णाला सवलत आहे.

४) मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे निवाऱ्याची सोय विचारता येते.

आपण काय करायचे

आपल्या वाडवडिलांनी इर्जिक घातली, सावड केली. एकाची नांगरट अडली की गावाचे बैल त्याच्या रानात उतरत. आजारी घराची एक पाण्याची पाळी, एक खताचा डोस आणि गुरांची वैरण भावकीने व शेजाऱ्यांनी वाटून घेतली, तर सोबतच्या माणसाचा जीव दवाखान्यात निर्धास्त राहील आणि पुढच्या वर्षाचे बिलही बुडणार नाही. असे घर आपल्या शिवारात असेल तर गट ऑफिसला जरूर कळवा. तोडीची तारीख ठरवताना त्या घराची अडचण आम्हाला माहीत असलेली बरी.